केस कुणाच्या नावावर?

इंग्लंडमध्ये एखाद्या मुलाची घरात हेळसांड होते आहे किंवा त्याला मारहाण होते आहे असा संशय आला, तर चौकशी करण्याचे कायदेशीर कर्तव्य स्थानिक काउन्सिलचे असते. १९८९ च्या बालकायद्याचे ४७ वे कलम तसे सांगते. देशात अशी दीडशेच्या वर काउन्सिले आहेत आणि प्रत्येकाच्या बालसेवा विभागात हे काम सोशल वर्कर करतात. आपल्याकडे ‘समाजसेवक’ म्हटले की चौकातला फलक आणि त्यावरचा हात जोडलेला फोटो आठवतो. इंग्लंडमधला सोशल वर्कर वेगळा. तो पदवीधर, नोंदणीकृत, पगारी असतो आणि त्याच्या कामाला कायद्याचे पाठबळ असते. तो घराची बेल वाजवतो, सोफ्यावर बसतो, स्वयंपाकघरात डोकावतो, मूल झोपते ती खोली पाहतो, मुलाशी एकट्याने बोलतो. मग गाडीत बसून टिपणे काढतो. मूल घरात राहावे की न्यायालयाच्या परवानगीने दुसरीकडे हलवावे, हा प्रश्न पुढे त्याच टिपणांवर उभा राहतो.

हा माणूस नोकरीत टिकत नाही, ही इंग्लंडची जुनी डोकेदुखी आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसे सरासरी किती वर्षे काम करतात याचा अंदाज मांडला होता. डॉक्टर २५ वर्षे, नर्स १६ वर्षे आणि सोशल वर्कर अवघी ८. सप्टेंबर २०२२ च्या सरकारी मोजणीत मुलांसाठी काम करणारे सुमारे ३१,६०० सोशल वर्कर काउन्सिलांच्या नोकरीत होते. आधीच्या वर्षभरात सुमारे ५,४०० जण सोडून गेले होते आणि सुमारे ७,९०० जागा रिकाम्या होत्या. त्या भरून काढायला एजन्सीकडून आणलेली ६,८०० च्या आसपास माणसे काम करत होती.

गळती थांबवायची तर काउन्सिलांपुढे दोन वाटा असतात. पगार वाढवणे किंवा विभागाची फेररचना करणे. पहिलीला पैसे लागतात, म्हणून दुसरी फार वेळा झाली. कुठे ती लाभली, कुठे तिच्यामुळेच उरलेसुरलेही निघून गेले.

एक मूल, पाच दारे

नेहमीच्या पद्धतीच्या विभागात मुलाचा प्रवास असा होतो. शाळेतल्या शिक्षिकेला मुलाच्या दंडावर वळ दिसतात आणि ती काउन्सिलला फोन करते. फोन जातो ‘फ्रंट डोअर’ला. तिथे काउन्सिलची, पोलिसांची आणि आरोग्यखात्याची माणसे एकत्र बसून कुणाकडे काय नोंद आहे ते जुळवतात. प्रकरण पुढे न्यायचे ठरले, की ते मूल्यमापनाच्या टीमकडे येते. त्यांना जास्तीत जास्त ४५ कामाचे दिवस मिळतात. धोका गंभीर वाटला तर पोलिसांशी तातडीची चर्चा होते, ४७ व्या कलमाखाली चौकशी सुरू होते आणि १५ कामाच्या दिवसांत शाळा, आरोग्यसेविका, पालक यांना घेऊन बैठक भरते. त्यानंतर मूल दीर्घकालीन कामाच्या टीमकडे. प्रकरण न्यायालयात गेले तर २०१४ च्या कायद्याने ते २६ आठवड्यांत निकाली निघायला हवे. मूल सरकारी संगोपनात आले, की ‘संगोपनातील मुलां’ची टीम. ते वयात येऊ लागले, की संगोपनातून बाहेर पडणाऱ्यांची टीम.

प्रत्येक दारात फाइल एका हातातून दुसऱ्या हातात जाते. आई आपल्या नवऱ्याच्या दारूची, स्वतःच्या आजाराची, लहानपणी भोगलेल्याची कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगते. तिसऱ्या वेळेला ती थोडक्यात उरकते आणि नव्या माणसाच्या अहवालात शेरा पडतो, ‘आई सहकार्य करत नाही.’

ही विभागणी कुणी दुष्टाव्याने केलेली नाही. तातडीच्या चौकशीचे कौशल्य वेगळे, न्यायालयात साक्ष देण्याचे वेगळे, सोळा वर्षांच्या मुलाला घर भाड्याने मिळवून देण्याचे वेगळे, हे खरेच आहे. पण त्यामागे आणखी एक कारण असू शकते. इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषक बाईंनी लंडनमधल्या एका शिक्षण-रुग्णालयातल्या नर्सेसचा अभ्यास करून १९६० साली एक निबंध लिहिला. एका नर्सने एकाच रोग्याचे सगळे करायचे सोडून अनेक नर्सेसनी अनेक रोग्यांची एकेक कामे करायची, अशी तिथली पद्धत होती. मरणाऱ्या माणसाशी जवळीक होऊ नये, झाली तर सोसवणार नाही, यासाठी संस्थेने नकळत उभारलेली ती भिंत आहे, असे त्यांचे म्हणणे. गंमत अशी, की त्या भिंतीमुळे नर्सेसची चिंता कमी होत नव्हती. कामातले समाधान मात्र जात होते आणि शिकाऊ मुली शिक्षण अर्धवट टाकून निघून जात होत्या. बालसेवेच्या कोणत्याही विभागाचा आकृतिबंध हाती घेताना हा साठ वर्षांपूर्वीचा निबंध आधी वाचावा.

आकृतिबंधाचा लंबक मात्र पूर्वीपासून हलत आला आहे. १९६८ च्या सीबोम समितीच्या शिफारशीवरून १९७१ पासून एकत्रित समाजसेवा विभाग निघाले. म्हातारी माणसे, अपंग, मुले, सारे एका छताखाली आणि पुष्कळदा एकाच सोशल वर्करकडे. पुढे कामे वेगळी होत गेली. २००४ च्या कायद्याने तर मुलांचा विभाग प्रौढांपासून तोडून शिक्षणखात्याला जोडला. लंबक हलवणारा धक्का बहुतेक वेळा एका मुलाच्या मृत्यूचा असतो.

सात दिवस, पस्तीस दिवस

व्हिक्टोरिया क्लिंबी ही आयव्हरी कोस्टमध्ये जन्मलेली मुलगी लंडनमध्ये आपल्या एका नातेवाईक बाईकडे राहत होती. २५ फेब्रुवारी २००० रोजी, वयाच्या आठव्या वर्षी, छळाने तिचा मृत्यू झाला. अंगावर १२८ जखमा होत्या. चार काउन्सिलांचे समाजसेवा विभाग, पोलीस आणि दोन रुग्णालये यांच्याकडे तिची नोंद पोहोचलेली होती. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशी अहवालाने २००३ मध्ये १०८ शिफारशी केल्या. माहिती एकाकडून दुसऱ्याकडे गेली नाही, कोण जबाबदार हे ठरलेले नव्हते, हे त्याचे सार.

त्यावर सरकारने काढलेला उतारा म्हणजे संगणक. सगळ्या काउन्सिलांना ठरावीक नमुन्याची इलेक्ट्रॉनिक नोंदपद्धत आणावी लागली. प्राथमिक मूल्यमापन ७ कामाच्या दिवसांत, सविस्तर मूल्यमापन ३५ दिवसांत. मुदत टळली की पडद्यावर तांबडा रंग आणि मॅनेजरच्या तक्त्यात तुमचे नाव. स्यू व्हाइट, कॅरन ब्रॉडहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीखाली चालणारे काम जवळून पाहिले. दिवसाचा मोठा भाग पडद्यासमोर जात होता. मुदत गाठण्यासाठी माणसे आडवाटा शोधत होती. मुलाला न भेटताच बाकीचे रकाने भरून ठेवायचे, संशयाला जागा असेल तिथे आलेली सूचना परत पाठवायची. फाइल पूर्ण, मूल अपुरे.

दुसरा धक्का २००७ चा. उत्तर लंडनच्या हॅरिंगे भागात, जिथे व्हिक्टोरियाही राहत होती, पीटर नावाचे सतरा महिन्यांचे बाळ मरण पावले. पुढच्या वर्षी खटल्याचा निकाल लागल्यावर एका वृत्तपत्राने सोशल वर्करांना काढून टाका अशी मोहीम चालवली आणि दहा लाखांवर सह्या जमवल्या. मंत्री एड बॉल्स यांनी बालसेवा संचालकांना पदावरून दूर केल्याचे दूरचित्रवाणीवर जाहीर केले. ते करण्याची रीत बेकायदा होती, असा निवाडा अपील न्यायालयाने २०११ साली दिला. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. मूल घरी ठेवण्याची जोखीम घ्यायला कुणी तयार नव्हते. मुलांना ताब्यात घेण्यासाठी न्यायालयात होणारे अर्ज २००८-०९ मध्ये साडेसहा हजारांच्या आसपास होते. तीन वर्षांत ते दहा हजारांवर गेले.

आयलीन मन्रो या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या प्राध्यापक बाईंकडे सरकारने साऱ्या व्यवस्थेचा आढावा सोपवला. मे २०११ च्या अंतिम अहवालात १५ शिफारशी आहेत. बाईंचा रोख स्पष्ट होता. प्रत्येक मृत्यूनंतर एक नियम वाढतो आणि नियम पाळणे हेच काम होऊन बसते. १९७४ साली सात पानांत मावणारी सरकारी मार्गदर्शिका २०१० पर्यंत ३९० पानांची झाली होती. मन्रो यांनी ज्या कामाची दखल घेतली, त्यात पूर्व लंडनमधल्या एका काउन्सिलचे काम होते. तिथे माणसे वेगळ्या तऱ्हेने बसवली होती.

हॅकनीचे पाच जण

हॅकनी हा लंडनचा जुना गरीब भाग. मेअर स्ट्रीटवर नगरभवन, रिडली रोडवर भाजीबाजार, तुर्की, कॅरिबियन, पश्चिम आफ्रिकी आणि कर्मठ ज्यू वस्ती शेजारीशेजारी. स्टीव्ह गुडमन आणि इझाबेल ट्राउलर या दोन अधिकाऱ्यांनी २००७-०८ च्या सुमारास तिथली बालसेवा मुळापासून बदलली. जुन्या टीमेत एक मॅनेजर आणि त्याच्या हाताखाली सहा-सात सोशल वर्कर असत. प्रत्येकाच्या नावावर पंधरा-वीस मुले, दर महिन्याला मॅनेजरशी एक बैठक. ती मोडून त्यांनी पाच जणांची छोटी युनिटे केली.

युनिटचा प्रमुख ‘कन्सल्टंट सोशल वर्कर’. अनुभवी, पण टेबलामागे गेलेला नव्हे, स्वतः घरी जाणारा. बढती म्हणजे कामापासून सुटका हा सरकारी खात्यांचा जुना नियम इथे उलटा केला. चांगल्या सोशल वर्करला पगार वाढवून घ्यायचा तर मॅनेजर व्हावे लागे आणि त्या दिवसापासून तो मुलांना दिसेनासा होई. आता पगार वाढला तरी मुले सुटत नव्हती. त्याच्या जोडीला एक सोशल वर्कर आणि मुलांशी प्रत्यक्ष काम करणारा एक कार्यकर्ता. चौथा, कुटुंबोपचार जाणणारा चिकित्सक. त्याची वेळ घेण्यासाठी रुग्णालयाच्या यादीत सहा महिने थांबायचे नाही, तो शेजारच्या खुर्चीवर. पाचवी व्यक्ती युनिट-समन्वयक.

या पाचव्या जागेबद्दल लिहिताना बहुतेक अहवाल एका ओळीत पुढे सरकतात. खरी मेख तिथेच आहे. समन्वयक फोन घेतो, भेटींच्या वेळा जुळवतो, शाळेकडून आणि डॉक्टरकडून अहवाल मागवतो, बैठकीत होणारी चर्चा तिथल्या तिथे संगणकात उतरवतो. आईचा फोन आला तर ‘साहेब बाहेर गेलेत’ एवढेच न सांगता घरात काय चालले आहे ते ओळखून बोलतो. सोशल वर्करच्या दिवसातला जो वेळ कागदावर जात होता, त्यातला मोठा भाग या कमी पगाराच्या माणसाने परत मिळवून दिला.

केस युनिटच्या नावावर असे. आठवड्यातून एकदा पाचही जण बसून आपल्या मुलांची चर्चा करत. या घरात भीती कुणाला कुणाची आहे? आजी आली की मूल गप्प का होते? आपण गेल्या महिन्यात बांधलेला अंदाज चुकला असेल तर? कुटुंबाकडे एकमेकांत गुंतलेल्या नात्यांची वीण म्हणून पाहायचे, एकालाच दोषी धरून मोकळे व्हायचे नाही, या विचाराचे शिक्षण सगळ्यांना दिलेले होते. एखादा रजेवर गेला तरी मुलाच्या ओळखीचे चार जण उरत. सोडून गेला तर फाइल अनोळखी हातात पडत नसे.

नेमणुका करताना गुडमन-ट्राउलर यांनी चाळणी बारीक ठेवली. लायक माणूस मिळेपर्यंत जागा रिकामी राहिली तरी चालेल, हे धोरण. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सहभागाने झालेल्या २०१० च्या मूल्यमापनात संगोपनातील मुलांची संख्या घटलेली, एकूण खर्च सुमारे ५ टक्क्यांनी उतरलेला आणि कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा ५५ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. तिसरा आकडा सर्वांत बोलका. सोशल वर्करची आजारपणाची रजा पुष्कळदा राजीनाम्याच्या आधीचे स्टेशन असते.

ट्राउलर २०१३ मध्ये देशाच्या पहिल्या मुख्य बाल-समाजकार्य अधिकारी झाल्या. हॅकनीचे नाव सगळीकडे गेले.

नक्कल करताना काय गळते

मग प्रत्येकाला युनिटे हवी झाली. सरकारी निधीतून बकिंगहॅमशर, डर्बीशर, हॅरो, हल आणि सदर्क या पाच काउन्सिलांत ही पद्धत नेण्याचा प्रयत्न झाला. डोनल्ड फॉरेस्टर आणि सहकाऱ्यांनी त्याचे मूल्यमापन करताना सोशल वर्कर घरात नेमके काय बोलतात, कसे बोलतात, तेही तपासले. जिथे पद्धत पूर्ण उतरली होती तिथे कामाचा दर्जा ठळकपणे वरचा होता. पण ती सगळीकडे पूर्ण उतरली नव्हती.

गळते ते ठरलेले असते. पहिला बळी समन्वयकाचा. अंदाजपत्रकात तो ‘कार्यालयीन साहाय्य’ या शीर्षकाखाली दिसतो आणि कात्री तिथेच चालते. मग चिकित्सक दोन युनिटांत वाटून घेतला जातो, पुढे चारांत. केसेस वाढतात तशी आठवड्याची बैठक लांबते, मग पंधरवड्याने होते, मग फक्त ‘अवघड’ केसेसपुरती. दारावरची पाटी ‘युनिट’ राहते. आत पूर्वीचीच टीम, फक्त लहान आणि जास्त थकलेली.

काळही प्रतिकूल होता. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या हिशेबाने २०१०-११ ते २०१७-१८ या काळात केंद्राकडून काउन्सिलांना मिळणारा निधी, महागाई धरता, जवळपास निम्म्याने घटला. खुद्द हॅकनीची गाडीही घसरली. ऑफस्टेड ही सरकारी तपासणी संस्था, तिच्या २०१९ च्या तपासणीत हॅकनीला ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा मिळाला. मांडणी कितीही चांगली असली तरी तिला रोज पाणी घालावे लागते, हे हॅकनीने दोन्ही बाजूंनी दाखवले.

फेररचना राबवण्याची रीत हे तर वेगळेच दुखणे. इंग्लंडच्या कार्यालयांत ती अशी चालते. एक दिवस सर्वांना पत्र येते, की तुमचे पद धोक्यात आहे. शंभर किंवा जास्त पदे जाणार असतील तर कायद्याने किमान ४५ दिवस कर्मचाऱ्यांशी सल्लामसलत करावी लागते. जुनी पदे रद्द, नवी जाहीर. दहा वर्षे करत असलेल्या कामासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. त्या महिन्यांत ज्याला दुसरीकडे नोकरी मिळू शकते तो शोधू लागतो. म्हणजे चांगले आधी जातात. माणसे टिकावीत म्हणून काढलेली योजना जाहीर होतानाच माणसे घालवते आणि नवा तक्ता भरायला एजन्सीला फोन जातो.

काही ठिकाणी सरकारने विभागच काउन्सिलकडून काढून स्वतंत्र ट्रस्टकडे दिला. डॉनकास्टरमध्ये २०१४ साली असा ट्रस्ट आला. २०२२ मध्ये काम पुन्हा काउन्सिलकडे परतले. मधल्या काळात दारावरची पाटी दोनदा बदलली.

लीड्स आणि हर्टफर्डशर

लीड्सने तक्त्याला फारसा हात न लावता बोलण्याची रीत बदलली. २००९ मध्ये तपासणीत ते नापास झाले होते. नायजेल रिचर्डसन संचालक झाल्यावर कुटुंबाला बोलावून तोडगा त्यांच्याकडूनच काढायचा, हे तत्त्व साऱ्या शहराच्या सेवांत रुजवले गेले. त्यासाठी वापरलेली ‘कुटुंब परिषद’ न्यूझीलंडच्या माओरी समाजाकडून आलेली, १९८९ च्या तिथल्या कायद्यात बसवलेली. आजी, काका, मोठी बहीण, शेजारीण एका खोलीत बसतात, सोशल वर्कर चिंता सांगतो आणि बाहेर जातो. योजना नातेवाईक करतात. भावकीच्या बैठका पाहिलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये, आणि त्यातले धोकेही सांगायला नकोत. म्हणून योजना मुलासाठी सुरक्षित आहे का, याचा अंतिम शब्द सोशल वर्करकडेच राहतो. लीड्स २०१५ मध्ये ‘चांगले’ आणि २०१८ मध्ये ‘उत्कृष्ट’ ठरले. एकच नेतृत्व आणि एकच भाषा सलग काही वर्षे चालली, याचा वाटा त्यात मोठा असावा.

हर्टफर्डशरने २०१५ पासून वेगळा प्रश्न हाती घेतला. मुलाचा धोका बहुतेक वेळा आईबापांच्या व्यसनात, मानसिक आजारात किंवा नवऱ्याच्या मारहाणीत असतो. सोशल वर्कर यातल्या कशाचाच तज्ज्ञ नसतो. तो बापाला व्यसनमुक्ती केंद्राची चिठ्ठी देतो, बाप जात नाही, आणि ती ‘न जाण्या’ची नोंद बापाविरुद्ध पुरावा होते. हर्टफर्डशरने व्यसनाचे, मानसिक आरोग्याचे आणि कौटुंबिक हिंसेचे कार्यकर्ते मुलांच्या टीमेतच बसवले. बापाशी व्यसनावर बोलायला तोच माणूस घरी जातो. नोंदी सर्वांच्या एकाच वहीत, महिन्यातून एकदा सर्वांची एकत्र बैठक. २०१९ मध्ये सरकारने ८ कोटी ४० लाख पौंडांची योजना काढून लीड्स, हर्टफर्डशर आणि नॉर्थ यॉर्कशर यांच्या पद्धती इतर काउन्सिलांत न्यायला घेतल्या.

टेबल, चहा आणि सुपरव्हिजन

सोडून जाणाऱ्यांना कारण विचारले, की केसेसचा भार आणि कागदपत्रांचा व्याप या दोन गोष्टी वरच्या क्रमांकावर येतात. मुलांसोबतचे काम आवडेनासे झाले असे सांगणारे कमी. २०२२ च्या मोजणीत प्रत्येकावर सरासरी १६.६ केसेस होत्या. सरासरी फसवी असते. सोळा केसेसमध्ये एका घरातली पाच भावंडे असतील तर एक दार. सोळा वेगळी घरे आणि त्यातली तीन न्यायालयात असतील तर जेवायलाही वेळ नाही.

हॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा महिने दोन कार्यालयांत सोशल वर्करांबरोबर राहून, त्यांच्या गाडीत बसून, घरभेटींना जाऊन अभ्यास केला. एका ठिकाणी लहान खोलीत टीमचे सर्व जण एकत्र, प्रत्येकाला स्वतःचे टेबल, सुपरव्हायजर हाकेच्या अंतरावर. दुसरीकडे मोठे दालन, कुणाचे टेबल ठरलेले नाही, सकाळी जिथे जागा मिळेल तिथे लॅपटॉप उघडायचा. एका मॅनेजरच्या टेबलाशी बसल्याबसल्या होणारे बोलणे, घरभेटीहून परतल्यावर मिळणारा चहा, ‘तू थरथरतोयस, जरा बस’ असे म्हणणारे कुणी, हे पहिल्या ठिकाणी होते. कुटुंबांशी दीर्घकाळ चिवटपणे काम करण्याची ताकदही तिथे जास्त दिसली. जागेच्या भाड्यात बचत म्हणून टेबले काढून घेणाऱ्यांनी हा हिशेब केलेला नसतो.

सुपरव्हिजन हा शब्द कागदावर सगळीकडे आहे. पण ती बैठक दोन तऱ्हेने होऊ शकते. एकीत मॅनेजर यादी घेऊन विचारतो, भेट झाली का, फॉर्म भरला का. दुसरीत विचारतो, त्या घरातून निघताना तुला काय वाटत होते. पहिली पंचेचाळीस मिनिटांत सोळा केसेस उरकते. दुसरीत दोनच होतात. नव्याने आलेल्यांसाठी २०१२ पासून पहिले वर्ष मूल्यमापन-आणि-आधाराचे मानले जाते, केसेस कमी असाव्यात असा संकेत आहे. ते वर्ष संपले की दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात पूर्ण ओझे अंगावर येते.

एजन्सीचा बाजार याच फटीतून वाढला. जे काम काउन्सिलच्या नोकरीत तेच एजन्सीमार्फत केले तर हातात जास्त पैसे आणि नको वाटले तर चटकन निघता येते. २०२२ च्या आढाव्यात जॉश मॅकअ‍ॅलिस्टर यांनी अंदाज दिला, की एजन्सीच्या एका माणसामागे वर्षाला २६ हजार पौंडांपर्यंत जादा जातात. काही काउन्सिलांनी कायम कर्मचाऱ्यांना ‘टिकाव भत्ता’ देऊ केला. शेजारच्यांनी तो थोडा वाढवून दिला. माणसे तेवढीच, फिरती वाढली. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी या बाजाराला वेसण घातली. पुरेसा अनुभव नसलेल्यांना एजन्सीमार्फत घेता येत नाही, नोकरी सोडली तर त्याच भागात तीन महिने एजन्सीचे काम मिळत नाही, आणि दरांवर प्रदेशवार मर्यादा आहे.

रिकाम्या जागांसाठी परदेशातूनही माणसे आली. झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका आणि भारत हे त्यातले ठळक देश. समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण भारतात सुरू झाले ते मुंबईत, १९३६ साली, आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइनही याच संस्थेचा प्रकल्प म्हणून १९९६ मध्ये निघाली. या परंपरेत शिकलेल्याला बालकल्याण समिती, बालगृह, वस्तीतली संस्था यांची सवय असते. इंग्लंडमध्ये आल्यावर तोच कायद्याचा हात होतो. एकट्याने गाडी चालवत अनोळखी दाराशी जायचे आणि न्यायाधीशापुढे उलटतपासणीला उभे राहायचे. अशा माणसाला युनिट मिळाले तर तो रुळतो. फाइल आणि किल्ल्या देऊन सोडले तर त्याचे इंग्लंडमधले पहिले वर्षच शेवटचे ठरू शकते.

पुन्हा एक नवी मांडणी

मॅकअ‍ॅलिस्टर यांच्या मे २०२२ च्या अहवालात सोशल वर्करचा एक तृतीयांशाहूनही कमी वेळ कुटुंबांसोबत जातो, असे म्हटले आहे. त्यांनी सुचवलेली रचना आता लागू होते आहे. आधी मदत आणि मग चौकशी अशा दोन पायऱ्यांऐवजी वस्तीतली एकच ‘कुटुंब साहाय्य’ टीम, तिच्यात वेगवेगळ्या कामांची माणसे, आणि गंभीर धोका असेल तिथे अनुभवी बालसंरक्षण तज्ज्ञ त्याच कुटुंबासोबत येऊन जोडले जाणार. फाइल पुढच्या दारी जाण्याऐवजी तज्ज्ञ फाइलीपाशी येणार. जुलै २०२३ मध्ये डॉर्सेट, लिंकनशर आणि वुल्व्हरहॅम्प्टन यांच्यापासून प्रयोग सुरू झाला. एप्रिल २०२५ पासून ही रचना देशभर उभी करायला घेतली आहे. कल्पना चांगली आहे, हॅकनी आणि हर्टफर्डशर दोन्हींचे शहाणपण तिच्यात आहे. पण तीही फेररचनाच. तिच्यासाठीही पदे बदलणार, पत्रे जाणार, मुलाखती होणार.

मोजणीची एक त्रुटी मात्र जुनीच आहे. किती सोशल वर्कर आले, किती गेले, हे सरकार दर सप्टेंबरअखेर मोजते. एका मुलाच्या आयुष्यात किती सोशल वर्कर बदलले, हे २०१७ पर्यंत राष्ट्रीय पातळीवर कुणी जमवतच नव्हते. त्या वर्षी बाल आयुक्त अ‍ॅन लाँगफील्ड यांनी तो आकडा काउन्सिलांकडून मागवून घ्यायला सुरुवात केली. संगोपनातल्या साधारण चारातल्या एका मुलाचा सोशल वर्कर वर्षभरात दोन किंवा अधिक वेळा बदलला होता.